माझ्या वाटणीची कॉर्ड

"मुरी शिनाइदे कुदासाई." जपानमधल्या सुरुवातीच्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त ऐकवलं गेलेलं वाक्य हे. अर्थ साधा आहे: झेपेल तेवढंच करा, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. ताप आलेल्याला म्हणावं, बाळंतिणीला म्हणावं. मी चांगली धडधाकट होते. तरी मुलीच्या शाळेच्या अंगणातलं बाकडं उचलायला पुढे झाले, की कुणीतरी हसतमुख बाई येऊन ते माझ्या हातून अलगद काढून घ्यायची आणि हे वाक्य म्हणायची. आपल्याकडे निदान तोंडावर 'तुला नाही जमायचं' म्हणतात, मग भांडता तरी येतं. कमरेत वाकून, गोड हसून कुणी आपल्याला बाजूला केलं तर भांडायचं कुणाशी?

आम्ही कावासाकीत राहत होतो. दोन हजार सालानंतर सॉफ्टवेअरवाल्यांची जी लाट तिकडे गेली, तिच्यात माझा नवरा पुण्याच्या एका कंपनीकडून कंत्राटावर गेला होता. आमच्या इमारतीत अशी पुण्या-मुंबईची बरीच बिऱ्हाडं होती. पुरुष सकाळी लोकरी कोट घालून स्टेशनकडे पळायचे. त्यांच्या मागोमाग प्रेशर कुकर आणि गोडा मसाला घेऊन आलेल्या आम्ही बायका, व्हिशावर 'डिपेंडंट' असा शिक्का. त्या शब्दाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. पण राग आला म्हणून शिक्का पुसला जात नाही.

नावही गेलं. नवऱ्याच्या ऑफिसात मी अमुक-सानची ओकुसान, म्हणजे बायको. मुलीच्या योचिएनमध्ये, म्हणजे तिकडच्या बालवाडीत, तमुक-चानची मामा. जपानीत आईला मामा म्हणतात. तिथे कुठल्याच आईला स्वतःचं नाव नसे, हे खरं. त्या एकमेकींना लेकरांच्या नावानेच हाका मारायच्या आणि त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं. इथे मीही कुणाचं नाव लिहिणार नाही. त्यांची शिस्त त्यांनाच परत.

मुलगी सहाची होत आली होती. जपानला आली तेव्हा तिची मराठी सरबत्ती थांबायची नाही. मग योचिएन सुरू झालं आणि हळूहळू मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची. "भूक लागली का गं?" म्हटलं की तिकडून जपानी 'हो' यायचा, तोही माझ्याकडे पाठ करून. आणि एक दिवस शाळेच्या फाटकात, मैत्रिणींसमोर, ती मला 'मामा' म्हणाली. त्या दिवसापासून घरीही मामाच. नऊ महिने पोटात वाढवलं ते मामा व्हायला? माझ्या भावाला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. मला मुळीच हसू आलं नाही.

"अगं, चांगलंच आहे की," नवरा म्हणाला. "सेटल होतेय ती. एकदम स्मूथ इंटिग्रेशन."

जणू मुलगी म्हणजे त्याच्या प्रोजेक्टमधलं मॉड्यूल.

पण मला खरी धास्ती वेगळीच होती. तिच्या डोळ्यांत मी इतर आयांसारखी आई उरले नव्हते. इतर आया कामं करायच्या, ठरवायच्या, धावायच्या, आणि मी बाजूला उभी राहून हसायचे, पाहुणीसारखी. शाळेच्या बाजारात मला दरवर्षी काय यायचं? करी. "तुमची करी फार छान!" संपलं. मुलगी हे बघत होती. सहा वर्षांच्या मुलांना सगळं कळतं, फक्त ती बोलत नाहीत. मार्चमध्ये तिचं योचिएन संपणार होतं आणि त्याच्या आत एकदा तरी तिने मला त्या बायकांच्या रांगेत, त्यांच्यातलीच एक म्हणून, काम करताना बघावं, एवढंच मला हवं होतं. फार होतं का हे मागणं?

निरोपाच्या समारंभात मुलं गाणं म्हणणार आणि आया साथ करणार, अशी तिथली पद्धत. जानेवारीत त्याची बैठक झाली. आयांच्या समितीची एक प्रमुख होती, तिला मी मनातल्या मनात अध्यक्षबाई म्हणायचे. उंच, नीटनेटकी, आवाज कधी चढायचा नाही. कॉलेजात असताना ती गिटार वाजवायची. तिने योजना सांगितली ती ऐकून मी आधी हसलेच. गिटार शिकायला कुणाकडे वेळ नाही, म्हणून गिटार तिघींत वाटून घ्यायची. गिटारी तीन, पण प्रत्येकीने एकच कॉर्ड शिकायची. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, डाव्या हाताच्या बोटांनी तारा ठरावीक जागी दाबून काढलेले. गाण्यात तीनच कॉर्ड होत्या: सी, एफ आणि जी. जिची कॉर्ड येईल तिने वाजवायचं, बाकीच्या दोघींनी तारांवर तळवा ठेवून गप्प बसायचं. लग्नाच्या स्वयंपाकात एकीने फक्त मीठ घालावं, दुसरीने फक्त फोडणी द्यावी, तशातला प्रकार. पण त्या बायका असं काही ठरवतात आणि ते होतं, हेही मी तोवर पाहिलं होतं.

उरलेल्या आयांना खंजिऱ्या आणि घुंगरांची कडी. माझ्या नावापुढे घुंगरांचं कडं होतं. गाण्याच्या शेवटी एकदा वाजवायचं.

मी लहानपणापासून पुण्यात बाईंकडे गाणं शिकले. विशारद झाले. तंबोरा मांडीवर घेऊन पहाटे नुसता सा लावत बसले, नंतर कुठे बाईंनी रे दाखवला. आणि मी एकदाच खुळखुळणार? मोडक्यातोडक्या जपानीत मी म्हटलं, मला गाता येतं, मुलांच्या मागे मी सूर धरीन. मग मी गाऊन दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षबाईंनीही वाजवल्या. मग म्हणाल्या, आवाज फार सुंदर आहे, पण तो सगळ्यांत वेगळा उठून दिसेल. कुणीतरी म्हणालं, मग साडी नेसून भारतीय नाच? सगळ्यांचे चेहरे उजळले. नाच! मी आयुष्यात गरब्यालासुद्धा कडेला उभी राहिलेली बाई.

अध्यक्षबाईंनी एफ स्वतःकडे घेतली होती, कारण ती अवघड. जी एका आईने आधीच घेतली होती. सी मात्र कुणालाच नको होती. सी सोपी, पण गाणं तिच्यावर सुरू होतं आणि तिच्यावरच संपतं. सुरुवातीला तीच एकटी वाजवून मुलांना सूर द्यायचा. चुकली तर सगळ्या सभागृहाला कळणार. 'कोण घेणार?' म्हटल्यावर सगळ्या बायका आपापल्या चहाच्या कपात बघायला लागल्या.

मी हात वर केला.

अध्यक्षबाईंनी डोकं जरासं तिरकं केलं आणि हसून म्हणाल्या, "मुरी शिनाइदे कुदासाई."

"मी करणार," मी म्हटलं. जपानीत इतकं रोखठोक बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोलले.

घरी येऊन मुलीला सांगितलं तर तिने चित्र रंगवता रंगवता मान वरसुद्धा केली नाही. "मामा वा यारानाकुते ई," म्हणाली. मामाने नाही केलं तरी चालेल. माझ्या पोटच्या पोरीनेही तेच म्हणावं! दुसऱ्या कुणाचं मी मनावर घेतलं नसतं, पण हे वाक्य जेवताना घशाखाली उतरेना.

नवरा म्हणाला, "कशाला नसते उपद्व्याप? घुंगरू वाजव की. झीरो रिस्क." पण ऑफिसातल्या कुणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलेली गिटार त्यानेच मागून आणली, ट्रेनमधून, पाठीला लावून. चिडत आणली, पण आणली.

आता सीबद्दल. लोक म्हणतात ही पहिली कॉर्ड, शेंबडं पोरही वाजवतं. म्हणोत. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात. तिसरी तार आणि सगळ्यांत खालची पहिली तार मोकळी सोडायची. सगळ्यांत वरची जाड सहावी वाजवायचीच नाही. कागदावर किती सोपं! प्रत्यक्षात अनामिका ताणली की मधलं बोट उठतं, मधलं दाबलं की तर्जनी आडवी होते, आणि आडवी तर्जनी पहिल्या तारेला टेकली की ती तार मुकी. तंबोरा छेडताना कधी कुणाला इजा झाल्याचं ऐकलं नाही. ही गिटार बोटं कापत होती. स्टीलच्या तारा, त्यांचे वळ पेरांवर उठायचे आणि त्यावर मिरची चिरताना ब्रह्मांड आठवायचं. डाव्या हाताची नखं कापली. उजव्या हातातल्या बांगड्या लाकडावर आपटायच्या, त्या उतरवून ठेवल्या. इतकं करून आवाज काय यायचा, तर थड्. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा.

तोही घरात काढायची सोय नव्हती. आमच्या इमारतीत वाद्य वाजवायला बंदी होती. भिंती अशा, की शेजाऱ्याने बर्फी कापली तरी ऐकू यावी. पण कावासाकीत ज्याला काही वाजवायचं असतं तो तामागावा नदीवर जातो. काठावरच्या रुंद गवतात, रेल्वेच्या पुलाखाली, कुणी बासरी घेऊन उभं असतं, कुणी ट्रम्पेट. कुणी कुणाकडे बघत नाही. ही एक गोष्ट मात्र मला त्या लोकांची मनापासून आवडली, नाइलाजाने का होईना. योचिएन सुटलं की मुलीला सायकलच्या मागच्या सीटवर बसवायचं, गिटार पाठीला बांधायची आणि नदी गाठायची. वारा असा, की बोटं दाबली काय आणि नाही काय, जाणीवच नसायची. वरून ट्रेन गेली की थांबायचं. मुलगी माझ्याकडे पाठ करून दगडांचे ढीग रचायची आणि मधूनमधून जपानीत म्हणायची, "चल ना मामा घरी." मी म्हणायचे, थांब. पुन्हा थड्.

मग पेरं टणक झाली. इतकी, की तव्यावरची पोळी मी डाव्या हाताच्या बोटांनी उलटायला लागले. आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी, काहीही वेगळं न करता, पाचही तारा एकदम बोलल्या. सगळ्या. एकही मुकी नाही. मी पुन्हा वाजवली, पुन्हा तशीच आली. आनंदाने ओरडावंसं वाटलं, तेवढ्यात मला ती कॉर्ड पहिल्यांदाच नीट ऐकू आली आणि माझं टाळकं सटकलं.

गंधार चढा होता.

सीमधले सूर म्हणजे आपले सा, ग आणि प. सा ठीक, प ठीक, पण गंधार किंचित वर, टोचणारा. मला आधी वाटलं तारा उतरल्या-चढल्या असतील. सूर लावायचं एक छोटं यंत्र गिटारबरोबर आलं होतं. तार छेडली की काटा हलतो, बरोबर मध्ये आला की हिरवा दिवा लागतो. सगळ्या तारांवर हिरवा दिवा लागला. म्हणजे यंत्राच्या मते गंधार अगदी जागेवर! मग आठवलं. बाई रियाजाला पेटी घेऊ द्यायच्या नाहीत. पेटीत, पियानोत, गिटारमध्ये प्रत्येक सूर सगळ्या पट्ट्यांत चालावा म्हणून थोडा थोडा इकडेतिकडे सरकवलेला असतो आणि गंधार त्यात चांगलाच वर जातो. "तडजोडवाली," बाई पेटीला म्हणायच्या. "तिच्या नादी लागलीस तर कान बिघडेल."

पण मला कुठे सगळ्या पट्ट्यांत वाजवायचं होतं? मला आयुष्यात एकच कॉर्ड वाजवायची होती. माझ्या गिटारमधून दुसरं काही कधी निघणारच नव्हतं. मग माझ्या गंधाराने तडजोड करायची कुणासाठी? मी यंत्र पिशवीत टाकलं, पहिल्या तारेची खुंटी हळूच सैल केली, मग चौथीची. गंधार त्या दोनच तारांवर होता. कान लावून, तंबोरा लावतात तसा तो लावला. मला तोंडाने बोलत सूर लावायची सवय आहे, ती बाईंचीच. "चढलाय... चढलाय अजून... हां, थोडा... बसला." आणि बसला तेव्हा सगळी गिटार घुमली. माझ्या पोटाला लागलेलं ते लाकूड थरथरत राहिलं. परदेशात आल्यापासून इतकं स्वच्छ काही मी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं असं म्हणायची सोय होती.

त्यानंतर रोज नदीवर गेलं की आधी हेच. चढलाय, चढलाय, बसला. मग वाजवायचं. मुलगी आपली पाठ करून दगड रचत बसायची.

सामुदायिक तालमीत मात्र अध्यक्षबाईंचा नियम होता. सुरुवातीला तिन्ही गिटारी यंत्रावर लावायच्या. मी लावायचे आणि मग पाणी प्यायला जाताना दोन खुंट्या जरा सैल करून यायचे. काही दिवस खपलं. मग एकदा मध्येच त्यांनी पुन्हा यंत्र फिरवलं आणि माझ्या पहिल्या तारेवर काटा डावीकडे पडला. "जरा उतरलीय," त्या म्हणाल्या आणि माझ्या गिटारच्या खुंटीला हात घातला.

माझ्या गिटारला. न विचारता. मी त्यांचा हात धरला. हो, धरला. खोलीतल्या सगळ्या खंजिऱ्या थांबल्या.

मग मी जमेल तितक्या जपानीत आणि उरलेल्या हातवाऱ्यांत समजावलं. आधी यंत्राची सी वाजवली, मग माझी सी. ऐका. यात टोचतं, यात टोचत नाही. शिवाय तुमच्या एफमध्ये हा सूर नाही, तिच्या जीमध्ये नाही, खंजिरीला आणि घुंगरांना तर सूरच नाही. माझा गंधार कुणाच्याही वाटेत येत नाही! तो फक्त माझ्याकडे आहे. मग तो खरा का नसावा?

अध्यक्षबाईंवर मला अन्याय करायचा नाही. त्यांनी डोळे मिटून दोन्ही कॉर्ड ऐकल्या. पुन्हा वाजवायला लावल्या आणि म्हणाल्या, "खरंच, तुमची जास्त गोड आहे."

"मग?"

"पण सगळ्यांच्या गिटारी सारख्या लागलेल्या असायला हव्यात."

"का?"

या 'का'ला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसल्याचं त्यांना जराही वैषम्य नव्हतं, याचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. कळत नाही म्हणून नाकारलं असतं तर मी समजू शकले असते. ह्यांना कळलं होतं! गोड आहे, हे मान्य करून नको म्हणत होत्या. वेगळं म्हणून नको. माझा आवाज नको, तसाच माझा गंधारही नको, आणि करी मात्र हवी.

"अवघड वाटत असेल," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तर घुंगरू आहेतच. मुरी शिनाइदे."

घरी येऊन मी नवऱ्यापुढे सगळं ओकले. तो भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होता.

"हे बघ," तो म्हणाला, "मशीन ग्रीन दाखवतंय ना? मग मशीन बरोबर. स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्ड. उद्या प्रत्येक जण आपापलं स्टँडर्ड काढायला लागला तर सिस्टिम चालेल का?"

"अरे, माझा कान काय बिघडलेला आहे?"

"कान नाही गं. तू ऑफसेटवर आहेस, एवढंच."

मी ताटावरून उठले. मुलगी भाताचे गोळे करत आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

दोन दिवस मी विचार केला. यंत्राचं ऐकलं नाही तर कोपऱ्यात घुंगरांचं कडं घेऊन उभं राहायचं, आणि मुलगी ते बघणार. ऐकलं तर चढा गंधार, पण रांगेत. मी रांग निवडली. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा सुतभर सुरासाठी केवढं हे! मलाही मी तसंच समजावलं. तरी निवडताना जे वाटलं ते वाटलंच. नदीवर जाणं मात्र मी थांबवलं नाही आणि तिथे गंधार माझा मी लावत राहिले. नदीकाठी कुणाचा नियम नव्हता.

समारंभाच्या दिवशी मी इतर आयांसारखाच गडद निळा स्कर्ट आणि कोट घातला. 'साडी का नाही?' असं तिघींनी तरी विचारलं. बांगड्या घरी ठेवल्या होत्या. खुर्च्यांवर आज्या-आजोबा, मागे कॅमेरे घेऊन बाप लोक, त्यांत माझा नवरा, चक्क रजा काढून. स्टेजवर पुढे मुलं प्रेक्षकांकडे तोंड करून, मागे आम्ही आया. माझी मुलगी पुढच्या रांगेत अगदी कडेला, हात शिवणीला चिकटवून, इतर मुलांसारखीच. पाठमोरी ती इतर मुलांतून वेगळी काढता येत नव्हती. अध्यक्षबाईंनी पडद्यामागे तिन्ही गिटारी स्वतःच्या हाताने यंत्रावर लावल्या. माझी तर दोनदा तपासली. आणि माझ्याकडे देताना वाकल्या. मीही वाकले. मला सगळं येत होतं आता.

त्यांनी मानेने खूण केली. मुलांना सूर देण्यासाठी आधी सी, एकटी.

मी बोटं ठेवली. अनामिका, मधलं, तर्जनी. तर्जनी उभी. छेडली. पाचही तारा स्वच्छ बोलल्या, एकही मुकी नाही. इतकी बिनचूक सी मी कधीच वाजवली नव्हती. आणि गंधार, यंत्राने सांगितलेल्या जागी, टोचत उभा. मी दात आवळून समोर बघत राहिले. अध्यक्षबाईंनी पहिल्या मात्रेसाठी हात वर नेला.

पुढच्या रांगेतलं कडेचं डोकं वळलं. मग अख्खी मुलगी वळली, सभागृहाकडे पाठ करून. कपाळाला आठ्या, नाक फुगलेलं, हात कमरेवर. तो संताप मी रोज आरशात बघत होते.

"आई!" ती ओरडली. मामा नाही. "आई, चढलाय!"

सभागृहात कुणालाच काही कळलं नाही. एका आजीने कौतुकाने हसून तोंडावर रुमाल धरला. मागच्या कॅमेऱ्यांतला एक कॅमेरा खाली आला, तो माझ्या नवऱ्याचा होता. अध्यक्षबाईंचा हात वरच्या वर राहिला. त्यांनी मुलीला वळायची खूण केली, ती हलली नाही. मग त्या माझ्याकडे झुकल्या आणि ओठांतल्या ओठांत तेच म्हणाल्या. मुरी शिनाइदे.

मी पहिल्या तारेची खुंटी धरली आणि सगळ्या लोकांसमोर सैल केली. छेडली. मुलीने मान तिरकी करून ऐकलं.

"अजून," ती म्हणाली.

आणखी जरा. मग चौथी तार. सगळी माणसं थांबली होती, सगळी मुलं मागे वळून बघायला लागली होती, आणि मला कसलीही घाई नव्हती. मी बोटं पुन्हा जागेवर ठेवली आणि सी वाजवली. लाकूड पोटाशी घुमलं.

तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"बसला," ती म्हणाली, आणि गायला पुढे वळली.